गोळी येईपर्यंत भिंतीचं काय?

परवा शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. शनिवारी साडेसातला मला फोन करायची हिंमत जगात एकच माणूस करतो, ते म्हणजे आमचे बाबा. "अरे, रात्री व्हॉट्सॅपवर एक पाठवलंय, वाचलंस का?" मी अर्थातच वाचलं नव्हतं. बाबा दिवसाला वीसेक फॉरवर्ड पाठवतात, त्यातले अठरा सुप्रभातचे असतात. पण आवाज जरा वेगळा वाटला म्हणून डोळे चोळत उघडून बघितलं. कुठल्यातरी बातमीचं कात्रण होतं. मधुमेहामुळे मेंदूच्या संरक्षक भिंतीला होणारी इजा एका औषधाने टळू शकते, असा मजकूर. खाली कुणीतरी लाल अक्षरांत आपली भर घातली होती, 'प्रत्येक मधुमेही माणसापर्यंत पोचवा.'

"मग? डॉक्टरांना विचारू का ही गोळी माझ्यासाठी?" बाबा म्हणाले.

आता थोडं मागचं सांगायला हवं. बाबांना डायबेटिस होऊन अठरा वर्षं झाली. गणिताचे मास्तर, आता निवृत्त. सतराचा पाढा उलटा म्हणून दाखवणारा माणूस. गेल्या काही महिन्यांत दोनदा असं झालं की एटीएमसमोर उभं राहून त्यांना पिन आठवेना. दोन्ही वेळा तसेच घरी परत आले. आईने ते हसण्यावारी नेलं, त्यांनीही नेलं. पण शनिवारी सकाळी साडेसातला गोळीची चौकशी करणारा माणूस मनातून हसत नसतो. तो घाबरलेला असतो.

म्हणून मग अख्खा वीकेंड वाचण्यात घालवला. मी डॉक्टर नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे कुणी कुठली गोळी घ्यावी हे सांगणं माझं काम नव्हे. पण वाचून माझं एक मत मात्र पक्कं झालंय, आणि ते आजच्या लेखात मांडतोय. मत असं, की मेंदूच्या या भिंतीसाठी उद्या येणाऱ्या गोळीची वाट बघत बसणं हा आपला स्वतःलाच फसवायचा एक मार्ग आहे. भिंत ज्या गोष्टींनी टिकण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे त्या आजच हातात आहेत. फक्त त्या कंटाळवाण्या आहेत. आणि डायबेटिसच्या तपासणीत पाय, किडनी, हृदय सगळं येतं, मेंदूचं कुणी नावही काढत नाही, हे साफ चूक आहे.

आधी भिंत म्हणजे काय ते बघू. १८८५ साली पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळं शरीर रंगलं, मेंदू आणि मज्जारज्जू मात्र कोरेच राहिले. एर्लिखला वाटलं, मेंदू हा रंग धरत नसावा. पुढे १९१३ मध्ये त्याच्याच शिष्याने, एडविन गोल्डमनने, उलटा प्रयोग केला. रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं! म्हणजे मेंदूला रंगाचं वावडं नव्हतं, मध्ये काहीतरी अडवणारं होतं. ते नेमकं काय, हे कळायला १९६७ साल उजाडलं. रीझ आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघून दाखवून दिलं की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की मधून काही झिरपत नाही. हीच ब्लड-ब्रेन बॅरिअर.

'भिंत' म्हटलं की कवटीच्या आत कुठेतरी एक पडदा असेल असं वाटतं. मलाही तसंच वाटायचं. प्रत्यक्षात ती भिंत म्हणजे मेंदूतली प्रत्येक केशवाहिनी. या सगळ्या केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर लांबी साधारण ६०० किलोमीटर भरते. पुण्याहून मुंबईला दोनदा जाऊन यायचं अंतर, आणि इतक्या लांबीची भिंत सांभाळायची! अस्तराच्या पेशींना बाहेरून बिलगून पेरिसाइट नावाच्या पेशी असतात. त्या वाहिनीला आधार देतात आणि शिवण घट्ट ठेवायला मदत करतात. त्यांच्याही बाहेर मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट पेशींचे पाय टेकलेले असतात. आमच्या भाषेत सांगायचं तर अस्तर म्हणजे फायरवॉल आणि पेरिसाइट म्हणजे ती चालू ठेवणारी सपोर्ट टीम. सपोर्ट टीमचे लोक सोडून गेले की फायरवॉल त्याच दिवशी पडत नाही. हळूहळू पडते. आयटीत असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग साखरेचा आणि या भिंतीचा संबंध काय?

इथे फायरवॉलची उपमा थोडी वाकवावी लागते. फायरवॉलवर हल्ला म्हटलं की बाहेरचा कुणीतरी चोरवाटेने आत शिरतोय असं चित्र डोळ्यासमोर येतं. साखर चोरवाटेने येत नाही. तिला राजरोस परवानगी आहे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण तो शरीराची साधारण २० टक्के ऊर्जा एकटा खातो, आणि त्याचं मुख्य इंधन ग्लुकोज. म्हणून भिंतीच्या पेशींवर ग्लुकोज आत घेणारी खास दारं असतात. त्यांना ग्लूट-१ म्हणतात. स्नायूंमधली दारं इन्शुलिनने हाक मारल्यावर मोठ्या संख्येने उघडतात, तसं इथे नाही. ही दारं सदा उघडी. मेंदू उपाशी राहू नये म्हणून निसर्गाने केलेली सोय आहे ती.

आणि घोटाळा नेमका तिथेच आहे. रक्तातली साखर वाढली की शरीरातल्या बऱ्याच पेशी आपापली दारं आवरती घेतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना ते नीट जमत नाही. बाहेर जेवढी साखर, तेवढी आत. मायकेल ब्राउनली या अमेरिकन संशोधकाने २००१ मध्ये 'नेचर'मध्ये हे सगळं एका सूत्रात मांडलं होतं. आत आलेली जास्तीची साखर पेशीचं इंजिन, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, जाळत सुटतो. त्यातून ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू प्रमाणाबाहेर तयार होतात आणि मग पेशीतलं बाकीचं गणित बिघडत जातं. साखर प्रथिनांना चिकटून बसते, वाहिन्या कडक होतात, सूज आणणारे संदेश सुरू होतात. म्हणजे फायरवॉलला कुणी भोक पाडलेलं नसतं. परवानगी असलेलाच ट्रॅफिक इतका वाढतो की ते यंत्रच आतून तापून निकामी व्हायला लागतं.

हे नुसतं कागदावरचं नाही. डायबेटिसमध्ये डोळ्याच्या पडद्याचं काय होतं ते बघा. डोळ्याचा पडदा हा गर्भात मेंदूपासूनच तयार होतो, आणि तिथेही अशीच भिंत आणि असेच पेरिसाइट असतात. मधुमेही माणसांच्या पडद्यातले पेरिसाइट आधी नाहीसे होतात हे १९६१ सालीच सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं. मग वाहिन्यांना फुगे येतात, त्या झिरपतात, नजर जाते. मेंदू असा उघडून बघता येत नाही, पण एमआरआय करता येतो. २००३ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी टाइप २ डायबेटिस असलेल्या वयस्कर लोकांचा आणि तो नसलेल्यांचा गॅडोलिनियम टोचून एमआरआय केला. डायबेटिसवाल्यांच्या मेंदूत ते जास्त झिरपलेलं दिसलं. अभ्यास लहान होता, पण दिशा तीच होती.

आता बाबांच्या गोळीकडे येतो.

ते कात्रण ज्या संशोधनावर बेतलेलं होतं ते मला सापडलं. फॉरवर्ड नवा असला तरी संशोधन २०१२ सालचं, 'एंडोक्रिनॉलॉजी' या नियतकालिकात आलेलं. औषधाचं नाव टोपिरामेट. हे काही नवीन औषध नव्हे, फिट्स आणि मायग्रेनसाठी ते बरीच वर्षं वापरात आहे. मायटोकॉन्ड्रियामध्ये कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एक एन्झाइम असतं, त्याला हे औषध अडवतं. मग साखर जळण्याचा वेग उतरतो आणि उपद्रवी रेणू कमी तयार होतात. डायबेटिस घडवून आणलेल्या उंदरांना ते दिलं तेव्हा त्यांच्या मेंदूतले पेरिसाइट वाचले.

वाचून मला खरंच भारी वाटलं. साखर कमी न करताही तिचा मारा बोथट करता येईल, ही कल्पना सुंदर आहे. असं संशोधन झालंच पाहिजे. पण उंदराची गोष्ट बाबांच्या ताटात वाढायला मी तयार नाही, आणि त्याची कारणं सांगतो.

एक म्हणजे या उंदरांचा डायबेटिस विषारी रसायन टोचून काही आठवड्यांत आणलेला असतो. बाबांचा अठरा वर्षांत मुरलाय, त्यात ब्लडप्रेशर आहे, कोलेस्टेरॉल आहे, वय आहे. दुसरं, उंदरातले पेरिसाइट वाचणं वेगळं आणि माणसाला एटीएमचा पिन आठवणं वेगळं. आणि तिसरं कारण वाचून तर मी कपाळावर हात मारला. टोपिरामेटचा एक सर्वांना माहीत असलेला दुष्परिणाम म्हणजे ऐन वेळी शब्द न आठवणं आणि विचार मंदावणं! ज्या भीतीने बाबा गोळी मागत होते, नेमकं तेच ती गोळी करू शकते. मायग्रेनने हैराण झालेल्या माणसासाठी डॉक्टर हा हिशोब मांडून ती देतात, ते योग्यच आहे. फॉरवर्ड वाचून मागणाऱ्याने मात्र तो हिशोब मांडलेला नसतो.

दुसरंही एक ताजं उदाहरण आहे. सेमाग्लुटाइड, म्हणजे ज्या डायबेटिसच्या औषधाने सध्या लोकांची वजनं उतरतायत ते. त्याचा मेंदूला फायदा होईल अशी मोठी आशा होती. अल्झायमर्स नुकता सुरू झालेल्या रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल आला, की आजाराचा वेग काही मंदावला नाही. आता हा निकाल अल्झायमर्स झालेल्यांबद्दलचा आहे, त्यावरून हे औषध डायबेटिससाठी वाईट ठरत नाही. पण माझ्यासारख्याला त्यातून एक गोष्ट कळते. चांगलं औषधसुद्धा उशिरा आणलं तर हात टेकतं. भिंतीची डागडुजी ती पडायच्या आधी करायची असते.

इथे आमच्या धंद्यातला एक शब्द अगदी चपखल बसतो, टेक्निकल डेट. आज घाईत केलेलं काम चालून जातं, पण त्याचं व्याज साठत राहतं आणि पाच वर्षांनी सगळी सिस्टीम बसते. शरीरही असंच उधारीचं खातं ठेवतं. टाइप १ डायबेटिसच्या रुग्णांवर अमेरिकेत आणि कॅनडात डीसीसीटी नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल १९९३ मध्ये आले. सुरुवातीपासून साखर काटेकोर ठेवलेल्यांमध्ये डोळ्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. गंमत पुढे आहे. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर हळूहळू सारखीच झाली, तरी आधी काटेकोर असलेल्यांना त्याचा फायदा पुढे वर्षानुवर्षं मिळत राहिला. शरीराने सुरुवातीची वर्षं लक्षात ठेवली.

मेंदूच्या बाबतीतही काळाचंच महत्त्व दिसतं. डायबेटिस असलेल्यांना डिमेन्शियाचा धोका साधारण दीडपट असतो, हे अनेक अभ्यासांत आलंय. २०२१ मध्ये लंडनच्या 'व्हाइटहॉल २' अभ्यासातून त्यातला बारकावा कळला. वयाच्या सत्तरीत पोचलेल्या ज्यांना डायबेटिस होऊन दहा वर्षांहून जास्त काळ झाला होता, त्यांना धोका दुपटीहून थोडा जास्त होता. नुकताच डायबेटिस झालेल्यांमध्ये तसं ठळक काही दिसलं नाही. म्हणजे डायबेटिस पाच-दहा वर्षं जरी पुढे ढकलता आला, तरी मेंदूच्या दृष्टीने ती मोठी कमाई असू शकते.

"म्हणजे साखर जितकी खाली तितकं चांगलं, बरोबर ना?" बाबांनी हाच प्रश्न विचारला. मास्तरच ते, सूत्र मिळालं की लगेच उदाहरण सोडवायला घेणार.

बरोबर नाही! आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या अकॉर्ड या चाचणीत डायबेटिस मुरलेल्या, साठीच्या आसपासच्या लोकांची साखर औषधांचा मारा करून अगदी नॉर्मलपर्यंत, म्हणजे एचबीएवनसी ६ च्या खाली आणायचा प्रयत्न झाला. २००८ मध्ये तो भाग मध्येच थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू जास्त झाले. त्याच चाचणीतल्या जवळजवळ तीन हजार लोकांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासली होती. २०११ मध्ये निकाल आला. मेंदूचं आकारमान थोडं बरं टिकलं, पण डोकं चालण्यात काहीही फरक नाही.

साखर एकदम खाली जाणं, ज्याला हायपो म्हणतात, ते मेंदूसाठी फार वाईट. मगाशी म्हटलं तसं मेंदूचं इंधन तेच. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोळा हजारांहून जास्त टाइप २ रुग्णांच्या नोंदींवरून दिसलं, की हॉस्पिटलात न्यावं लागण्याइतका हायपो ज्यांना झाला होता, त्यांच्यात पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्त होतं. त्यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे सोडवणं कठीण आहे. पण सावध होण्यापुरतं एवढं पुरे आहे.

आमच्याकडे हे घडलंय. दोन वर्षांपूर्वीची संकष्टी. बाबांनी उपास धरला आणि सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीसारखी घेतली. 'उपास देवाचा, गोळी डॉक्टरची, दोन्ही मोडायचं नाही,' हे त्यांचं तत्त्व. चंद्रोदय उशिरा होता. आठ वाजता त्यांना दरदरून घाम सुटला, काहीतरी असंबद्ध बोलायला लागले. आईने मशीन लावलं तर साखर ४८. साखरपाणी पाजलं, दहा-पंधरा मिनिटांत माणूस भानावर आला. आणि भानावर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "चंद्र उगवला का?" आज आम्ही ते सांगून हसतो, पण त्या रात्री आईचे हात थरथरत होते. उपासाला माझा विरोध नाही. पण उपासाच्या दिवशी कुठली गोळी किती घ्यायची हे डॉक्टरांना आधी विचारायला हवं, हे अठरा वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मग करायचं काय? इथे वाचकांमधून 'चाला, कमी खा, झोपा, हेच ना? यात नवीन काय?' असा सूर येणार हे मला दिसतंय. खरंय, यादीत नवीन काही नाही. पण कारण नवीन आहे, आणि माझ्या मते कारणाने फरक पडतो. 'साखर वाढेल' म्हटलं की बाबा खांदे उडवतात. पाय, किडनी, हार्ट, सगळ्याची भीती दाखवून झाली, सगळ्याला ते सरावले. 'सतराचा पाढा जाईल' म्हटल्यावर ते पहिल्यांदाच गप्प बसले. भीती घालणं मला आवडत नाही, पण माणसाला ज्याची खरी किंमत वाटते त्याच्याबद्दल त्याच्याशी बोलायला नको का?

आणि हे फक्त बाबांच्या पिढीचं नाही. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या अहवालानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस होता आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर होते. सगळ्यात वर गोवा, २६.४ टक्के. 'मी तर बारीक आहे' म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा तो प्रसिद्ध फोटो आहे, २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला. ते आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय बारीक दिसूनही आतून लठ्ठ असू शकतो, ही गोष्ट त्या एका फोटोने जगाला पटवली.

माझं सांगू? माझा बीएमआय २३. गेल्या वर्षी कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझा एचबीएवनसी ५.९ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. रिपोर्टची पीडीएफ ईमेलने आली, मी ती 'नंतर बघू' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली आणि चार महिने उघडली नाही. दिवसभर खुर्ची, संध्याकाळी समोसा, रात्री साडेअकरापर्यंत अमेरिकेशी कॉल. बाबांना शहाणपण शिकवायला निघालेला मुलगा तो हाच.

उंबरठ्यावरच्यांसाठी मात्र बातमी चांगली आहे, आणि ती माणसांवरच्या चाचण्यांमधून आलेली आहे. २००२ मध्ये अमेरिकेच्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी करणं एवढं ध्येय ठेवलं होतं. सुमारे तीन वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ मधल्या भारतीय चाचणीत ते २८.५ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे आकडा लहान आला खरा, पण तो आपल्या लोकांचा आहे आणि त्याला उंदीर लागले नाहीत. ज्याला डायबेटिसच होत नाही, त्याच्या भिंतीवर निदान हा मारा तरी होत नाही.

आता डॉक्टरांकडून मला काय हवंय ते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन ६५ वर्षांपुढच्या मधुमेही लोकांची स्मरणशक्ती दरवर्षी तपासायला सांगते. आपल्याकडे ओपीडीत माणसामागे पाच मिनिटं मिळतात हे मला मान्य आहे. पण 'हल्ली काही विसरायला होतं का?' हा एक प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात. 'डोळ्याचा पडदा शेवटचा कधी तपासला?' याला आणखी पाच. बाबांनी तो चार वर्षं तपासलेला नव्हता. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं, असं आम्ही सगळे समजून चाललो होतो. आणि ब्लडप्रेशर. बारीक वाहिन्यांच्या भिंतींवर साखरेइतकाच जोर त्याचाही असतो, पण घरात ग्लुकोमीटर आणणारी आपली माणसं बीपीचं मशीन आणत नाहीत.

रविवारी संध्याकाळी बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. म्हटलं, "बाबा, ती गोळी तुमच्यासाठी नाही. पण तुम्ही डॉक्टरांना पिनचं सांगितलंत का?" तर नाही! अठरा वर्षं ज्यांच्याकडे जातायत त्यांनाच सांगितलं नव्हतं. "त्यांनी विचारलं नाही," म्हणे.

मंगळवारी मी सुट्टी टाकून त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि आधी बी-१२ तपासायला सांगितलं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं, त्यात बाबा शाकाहारी. आणि बी-१२ कमी झालं की विसरायला होतं. रिपोर्ट आला, बी-१२ बरंच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली आहेत. पिन विसरण्यामागे फक्त तेवढंच होतं की भिंतही झिरपतेय, हे पुढच्या काही महिन्यांत कळेल. ग्लिमेपिराइडचा डोस कमी केलाय आणि संकष्टीला सकाळची गोळी टाळायला सांगितलंय. पडद्याची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. बीपीचं मशीन मी घेऊन दिलं.

मेंदूची भिंत वाचवणारी गोळी कधीतरी नक्की येवो, मी रांगेत पहिला उभा राहीन. पण त्या रांगेत उभं राहायचं असेल तर तोवर भिंत शाबूत राहायला हवी, इतकंच माझं म्हणणं आहे. तुमच्या घरी अठरा-वीस वर्षं डायबेटिस असलेलं कुणी असेल, तर या रविवारी त्यांना साखरेचा आकडा विचारू नका. 'हल्ली काही विसरायला होतं का?' एवढंच विचारा, आणि उत्तर डॉक्टरांपर्यंत पोचवा.

बाकी आमच्याकडे आता रोज संध्याकाळी पाऊण तास दोन शहरांत दोन माणसं चालतायत, कानात इअरफोन घालून, एकाच कॉलवर. काल बाबांनी मला सतराचा पाढा उलटा म्हणायला लावला.

मी सतरा सत्ते ला अडकलो.